मध्यरेषा ओलांडण्याआधी

कबड्डीत एका चढाईला तीस सेकंद मिळतात. एवढ्या वेळात चढाईपटूला निदान रेषा ओलांडायची असते, दम तोडायचा नसतो, जमलं तर गडी टिपायचा असतो आणि काहीही झालं तरी मध्यरेषेच्या अलीकडे परत यायचं असतं. समोर सहा किंवा सात बचावपटू उभे असतील तर बोनस रेषा चालू असते. पाच असतील तर ती मॅटवर रंगवलेली असूनही तिचा काही उपयोग नसतो. समोर तीन किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी पकड केली तर ती अव्वल पकड ठरते, त्यांना एक गुण जादा मिळतो. सगळे बाद झाले तर लोण, म्हणजे वर आणखी दोन गुण. समोरचे गडी मोजायला एक सेकंदही लागत नाही. तरीही तालुका-जिल्हा पातळीवर किशोर गटाचे सामने बघताना, पाचच बचावपटू उभे असताना बोनससाठी पाय टाकणारा आणि त्याच पायाचा घोटा धरून पाडला जाणारा मुलगा हमखास दिसतो. त्याचे पाय चपळ असतात, दम उत्तम असतो, धाडस भरपूर असतं. आत जाण्याआधी त्याने मोजलेलं नसतं.

हे पुस्तक अशा मुलामुलींसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. कबड्डी आणि खो-खो हे माझे खेळ. आयुष्यातला मोठा काळ त्यांच्या मैदानांवर गेला, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथलीच आहेत. पण मला जे सांगायचं आहे ते कोणताही खेळ मनापासून खेळणाऱ्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला लागू पडेल. आपण मुलांचं शरीर घडवतो, त्यांचं कौशल्य घडवतो, पण मैदानावर बघायचं काय आणि ठरवायचं कसं, हे त्यांचं त्यांना कधीतरी आपोआप येईल असं धरून चालतो. ते आपोआप येत नाही. सूर मारणं जसं शिकवावं लागतं, तसं हेही शिकवावं लागतं. आणि त्याची पहिली अट अशी की ठरवण्याचा अधिकार मुलाच्या हातात राहिला पाहिजे.

आपल्याकडचा संध्याकाळचा सराव डोळ्यांसमोर आणा. मैदानाला फेऱ्या, मग व्यायाम, मग ठरलेल्या पकडी: घोटा, मांडी, कंबर, साखळी. दोघांनी धरायचं, तिसऱ्याने सुटायचं, वीस-वीस वेळा. शेवटी अंधार पडायच्या आत जेमतेम अर्धा तास सामना. आधीच्या दीड तासात मुलाला एकही गोष्ट स्वतः ठरवावी लागत नाही. पकड कोणती हे सरांनी सांगितलेलं, चढाई कोणत्या बाजूने हेही सांगितलेलं. निर्णयाचा सराव होण्याची जागा तो शेवटचा अर्धा तास, आणि त्यातही रेषेबाहेरून एकसारखा आवाज चालू असतो: ‘डावीकडे जा’, ‘आत जा’, ‘परत ये’, ‘धर, धर!’ तो आवाज प्रेमापोटी असतो, यात मला शंका नाही. पण ज्या मुलाला प्रत्येक पावलाला सूचना मिळते, त्याचे कान तयार होतात, डोळे तयार होत नाहीत. मोठ्या स्पर्धेत, गर्दीच्या गोंगाटात तो आवाज ऐकू येईनासा झाला की मॅटवर उभा असलेला तोच मुलगा अगदी एकटा पडतो.

डोळे तयार होतात म्हणजे नेमकं काय होतं, यावर जगात बरंच संशोधन झालं आहे. त्यातलं एक क्रिकेटचं आहे. मायकल लँड आणि पीटर मॅकलाउड या दोन शास्त्रज्ञांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातून निघाल्यावर फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायलाच माणसाला सुमारे पाचवा हिस्सा सेकंद लागतो. मग ‘चेंडूवरून नजर हटवू नकोस’ हा घराघरातला सल्ला पाळायचा कसा? चांगले फलंदाज तो पाळत नाहीत, असं या अभ्यासात दिसलं. चेंडू सुटताना ते तो बघतात, मग चेंडू जिथे टप्पा घेणार त्या जागेवर नजर आधीच नेऊन ठेवतात आणि टप्पा पडल्यावर पुन्हा त्याच्या मागे जातात. फलंदाज जितका तयार, तितकी नजरेची ही उडी लवकर. म्हणजे त्याची दृष्टी इतरांपेक्षा तीक्ष्ण असते असं नाही. कुठे बघायचं हे त्याला आधी कळलेलं असतं.

बुद्धिबळातही असंच सापडलं. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली की मुरलेला खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, तर नवशिक्या आणि तो यांच्यात फारसा फरक उरत नाही. त्याची स्मरणशक्ती दैवी नसते. खेळातल्या आकृत्या त्याच्या ओळखीच्या झालेल्या असतात. ही ओळख खेळून होते, बघून होते, आणि खेळल्यावर त्यावर बोलून होते. माझ्या अनुभवात तिसरी गोष्ट आपल्या मैदानांवर सगळ्यात कमी घडते.

कबड्डीत बघायचं काय, हे या पुस्तकाच्या पहिल्या भागात सविस्तर आलं आहे. इथे थोडंसं. कोपरारक्षकाचं वजन टाचेवर आहे की चवड्यावर? टाचेवर असेल तर तो लगेच झेपावणार नाही. त्याने आणि शेजारच्याने हात धरले आहेत का, आणि धरले असतील तर त्या दोघांत पुढे कोण आहे? मध्यरक्षक तुमच्या पायांकडे बघतोय की कोपऱ्याच्या इशाऱ्याची वाट बघतोय? आत्ताच जिवंत होऊन आत आलेला गडी कोणता? बाहेर बसून त्याचं अंग थंड झालेलं असतं, पहिली काही सेकंद तो साखळीत नीट मिसळलेला नसतो. हात आणि नजर हुलकावणी देऊ शकतात, कमरेला ते फार जमत नाही, म्हणून बचावपटूने चढाईपटूच्या कमरेकडे लक्ष ठेवावं. आणि या सगळ्याच्या आधी गुणफलक, उरलेला वेळ, समोरची संख्या. ही यादी वाचायला लांबलचक वाटते. सवय झाली की ती एका नजरेत मावते, पण ती सवय लावावी लागते.

खो-खोची गंमत वेगळी. तिथे नियमांनीच निर्णय कठीण करून ठेवला आहे. संरक्षक पाटीच्या दोन्ही बाजूंना हवा तसा पळू शकतो, मागे वळू शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा दिशा घेतली की उलटं फिरता येत नाही, बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही. त्याच्याकडे आहेत ते आठ बसलेले साथीदार, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेले. पलीकडच्या बाजूला खेळ न्यायचा तर खो द्यायचा, नाहीतर खांबापर्यंत जाऊन वळायचं. त्यामुळे चांगला आक्रमक कोण? माझं उत्तर असं की ज्याला खो केव्हा द्यायचा हे कळतं तो. संरक्षकाने अंग एका बाजूला टाकेपर्यंत थांबायचं आणि मग खो द्यायचा. लवकर दिला तर तो सहज वळतो, उशीर झाला तर तो दोन चौक पुढे गेलेला असतो. आणि बसलेल्यांचं काय? मुलांना वाटतं, बसलो म्हणजे विसावा. खरं तर बसलेल्या गड्याला सतत माहीत असायला हवं की तुकडीतले तिघेही या क्षणी कुठे आहेत, कोण एकेरी साखळीने पळतोय, कोण खांबाजवळ दम खातोय. उठल्यावर बघायला वेळ नसतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या सामन्यांची चित्रफीत मुलांना दाखवा, पण एकदा फक्त बसलेल्या खेळाडूंकडे बघायला सांगून दाखवा. धावणाऱ्याकडे सगळेच बघतात.

बघणं जमलं तरी ठरवणं राहतंच, आणि ठरवण्यात या वयाची एक अडचण आहे. मेंदूचा जो भाग परिणाम तोलतो आणि घाईला लगाम घालतो, तो पूर्ण परिपक्व व्हायला विशी ओलांडावी लागते. अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका अभ्यासात मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला होता. एकट्याने खेळताना आणि मित्र बघत असताना त्यांनी किती धोका पत्करला, हे मोजलं. मित्र बघत असले की कुमारवयातल्या मुलांचा धोका पत्करण्याचा कल बराच वाढला, मोठ्यांचा तसा वाढला नाही. आता आपल्या गावातले रात्रीचे सामने आठवा. प्रकाशझोत, शिट्ट्या, बांबूच्या कठड्याला रेललेली अख्खी आळी, आणि ध्वनिक्षेपकावरून आवाज येतो: ‘या चढाईत गडी आणला तर अमक्यांकडून पाचशे रुपये!’ संघ चार गुणांनी पुढे आहे, दीड मिनिट उरलं आहे, चढाई नुसती फिरवून परत आणली तरी पुरे. पण पंधरा वर्षांचा मुलगा त्या आवाजावर आत घुसतो आणि पकडला जातो. दोष एकट्या त्याचा कसा म्हणायचा? त्याच्या वयाला जे सगळ्यात अवघड, तेच आपण त्याच्यासमोर हौसेने मांडून ठेवतो. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी मनापासून विनंती आहे, किशोर आणि कुमार गटांत चालू चढाईवर बक्षिसं जाहीर करू नका. द्यायची असतील तर सामना संपल्यावर द्या.

पुढे असताना खेळ कसा सांभाळायचा, हे भल्याभल्यांनाही शिकावं लागतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला कबड्डीचा विश्वचषक झाला. उद्घाटनाच्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा हरला. बराच वेळ भारत पुढे होता, शेवटच्या काही मिनिटांत जांग कुन ली याच्या चढायांनी सामना फिरवला. पुढे अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे होता, आणि तो सामना भारताने ३८-२९ असा जिंकला. अजय ठाकूरच्या चढाया त्यात निर्णायक ठरल्या. कर्णधार अनुप कुमार होता. मागे पडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आणि खेळात घाई दिसत नसे. बोनससाठी तो प्रसिद्ध होता. समोर पुरेसे गडी आहेत का आणि त्यांची रांग किती मागे सरकली आहे हे बघून एकेक गुण घेऊन येणं हा त्याच्या खेळाचा कणा. मुलांना हनुमान उडी आवडते, ती दूरदर्शनवर पुन्हा पुन्हा दाखवतात. अनुपने शांतपणे आणलेला बोनस कुणी पुन्हा दाखवत नाही, म्हणून तो मुद्दाम दाखवावा लागतो.

काही निर्णय मॅटवर घ्यायचेच नसतात, ते आधी घेऊन ठेवायचे असतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण क्रिकेटमधलं आहे आणि मराठी वाचकाला ते ठाऊक असणार. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिन तेंडुलकर ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर बाद होत होता. सिडनीच्या कसोटीत त्याने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ पूर्ण बाजूला ठेवला आणि नाबाद २४१ धावा केल्या. आपला सगळ्यात देखणा फटका दहा तास न खेळण्याचा संयम मोठा आहेच. पण शिकणाऱ्या मुलाने त्यातली रीत बघावी. ‘हा चेंडू ड्राइव्ह करू की नको’ हा प्रश्न त्याने खेळपट्टीवर उरूच दिला नाही. तोच विचार कबड्डीत आणता येतो. ‘समोर तीन असतील आणि आपण पुढे असू, तर मी डाव्या कोपऱ्याकडे जाणार नाही.’ ‘दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई असेल, तर पहिल्या दहा सेकंदांत आत शिरणार नाही.’ असे चार-पाच नियम प्रत्येक मुलाने स्वतःचे स्वतः ठरवावेत, वहीत लिहावेत, आणि महिन्याने बदलावेत. ते सरांनी लिहून द्यायचे नाहीत. पुस्तकात त्यासाठी पानं कोरी ठेवली आहेत.

शिकवायचं कसं, हा प्रश्न प्रशिक्षक मला नेहमी विचारतात. इंग्लंडमधल्या लफबरो इथे डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प या दोघांनी १९८२ साली एक विचार मांडला. आधी सुटं तंत्र घोटायचं आणि मग कधीतरी खेळ, हा क्रम उलटा करायचा. मुलांना लहान केलेला, सोपा केलेला खेळ द्यायचा, त्यात अडचण येऊ द्यायची, आणि तंत्राची गरज मुलालाच जाणवली की मग तंत्र शिकवायचं. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉलमध्ये हा विचार जगभर रुजला. आपल्या खेळांना तो विशेष शोभतो, कारण कबड्डीचा तुकडा पाडणं फार सोपं आहे. अर्धी मॅट घ्या, चार विरुद्ध एक खेळवा. गुणफलक २७-२८ लावा, नव्वद सेकंद द्या आणि दोन्ही संघांना पाच मिनिटं आपापसात बोलू द्या. बचावपटूंना सांगा, पहिली पंधरा सेकंद कुणीही झेप घ्यायची नाही, मग काय होतं ते बघा. मध्येच शिट्टी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवा आणि चढाईपटूला डोळे मिटून सांगायला लावा की उजवा कोपरा कुठे उभा आहे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना सांगता येत नाही. महिन्याभरात येतं.

आणि चढाई फसल्यावर ‘असं का केलंस?’ असं ओरडून विचारू नका. तो प्रश्न नसतो, ती शिक्षा असते, आणि मूल उत्तरादाखल मान खाली घालतं. ‘तुला काय दिसलं?’ असं विचारा. उत्तराची वाट बघा. कधी कधी मुलाने पाहिलेलं बरोबर असतं आणि पाय कमी पडलेले असतात. मग त्याचा निर्णय चुकला असं म्हणणं अन्याय आहे. कधी कधी त्याला गुण मिळालेला असतो, पण तो समोरच्याचा पाय घसरल्यामुळे. त्या गुणाचं कौतुक केलं तर पुढच्या वेळी तो तीच चूक करेल. निकाल आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला शिकणं मोठ्यांनाही जड जातं. तरी ज्या प्रशिक्षकाला हे जमलं, त्याच्याकडची मुलं हरल्यावरही लवकर सावरतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

नियमांबद्दल थोडं. नियम जाणणं हे पंचांचं काम आहे असं मुलांना वाटतं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. २८-२८ अशी बरोबरी, सामना संपत आलेला, पवन सेहरावत चढाईवर. कुणाला स्पर्श होण्याआधीच तो लॉबीत, म्हणजे मॅटच्या कडेच्या पट्टीत गेला, आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही. एकटा चढाईपटू बाद, की मागून गेलेले बचावपटूही? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरं. पंचांचा निर्णय बदलत राहिला, दोन्ही संघ निषेध म्हणून मॅटवर बसले, खेळ बराच वेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. त्या निर्णयावर मतं अजूनही दोन आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. सुवर्णपदक एका रेषेच्या अर्थावर लटकू शकतं, तर कुमार गटातल्या खेळाडूने त्या वर्षीची नियमपुस्तिका एकदा तरी स्वतः वाचायला हवी.

खाशाबा जाधवांची गोष्ट याच वाटेवरची आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला, तेव्हा मातीत वाढलेल्या त्याला गादीवरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही परके होते. तरी सहावा आला. पुढची चार वर्षं त्याने ते शिकण्यात घालवली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरायला सांगण्यात आलं. नियमाने मिळायला हवी होती ती विश्रांती त्यांच्यासाठी मागायला भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. ही हकिगत मुलांना हळहळ म्हणून ऐकवू नका. तुमचा हक्क काय आहे, तो कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत मागायचा, हे शिकवताना ऐकवा. पंचांशी नम्रपणे, कर्णधारामार्फत, नेमकं बोलता येणं हेही खेळाडूचं कौशल्य आहे.

आता जो भाग लिहिताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, त्याकडे येतो. मैदानाबाहेरचे निर्णय.

कबड्डीत किशोर आणि कुमार गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. त्यामुळे निवड चाचणीच्या आदल्या दिवशी काय चालतं, हे या खेळातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलं जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, भर उन्हात स्वेटर घालून पळतात, वजनकाट्यावर चढण्याआधी थुंकत राहतात. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांइतकं कमी झालं तरी दम आणि एकाग्रता दोन्ही घसरतात. म्हणजे जो मुलगा वजनात बसतो, तो खेळण्याच्या अवस्थेत राहिलेला नसतो, आणि उन्हाळ्यात हा प्रकार जिवावर बेतू शकतो. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅम वजनासाठी अंतिम कुस्तीला मुकली. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या मागे वैद्य आणि आहारतज्ज्ञ उभे असूनही शरीराने ऐकलं नाही. मग चौदा वर्षांच्या मुलाने कुणाच्या भरवशावर उपास करायचा? वाढतं वय आहे, वजन वाढणारच. त्या वर्षी एक गट वर खेळावं. एक स्पर्धा हुकली तर हुकली.

गुडघ्याचंही तसंच. कबड्डीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं नवीन नाही. शस्त्रक्रियेनंतर परतायला साधारण नऊ महिने लागतात. सहाव्या महिन्यात दुखणं थांबतं आणि मुलाला वाटतं, झालं. तिथेच दुसऱ्यांदा तुटण्याचा धोका असतो, आणि तरुण खेळाडूंत तो जास्त. ‘उद्या फायनल आहे, पट्टी बांध आणि उतर’ असं म्हणणारा मोठा माणूस मुलाच्या भोवती कुठेतरी असतोच. त्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद मुलामध्ये आपण आधीपासून तयार केली पाहिजे, कारण त्या दिवशी ती अचानक येत नाही. व्यायामशाळेत कुणीतरी दिलेल्या पावडरीच्या डब्याला हेच लागू. उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवर असते. ‘मला माहीत नव्हतं’ या उत्तराने सुटका होत नाही.

मुलींसाठी या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मुलग्यांच्या प्रशिक्षकांनीही वाचावं. पाळीविषयी मैदानावर मोकळेपणाने बोललं जात नाही, म्हणून मुली खोटी कारणं सांगून सरावाला दांडी मारतात किंवा त्रास होत असताना गप्प राहून खेळतात. पाळी महिनोन्‌महिने न येणं ही सोय नाही. सरावाच्या मानाने खाणं कमी पडत असल्याची ती अनेकदा खूण असते, त्यात हाडं कमजोर होतात, आणि त्यासाठी डॉक्टरकडे गेलं पाहिजे. हे मुलीला माहीत असलं आणि ज्यांना सांगायचं त्यांच्याकडे जायला ती घाबरत नसली, तर अर्धं काम झालं. बाकी घरचा विरोध, दहावीचं वर्ष, संध्याकाळी उशिरा परतण्याचा प्रश्न, यावर त्या प्रकरणात बोललो आहे. इथे पुनरुक्ती करत नाही.

कुणी म्हणेल, मुलांवर एवढे निर्णय सोपवले तर ती चुकतील, सामने हरतील. हो, हरतील. किशोर गटातली हार ही शिकण्याची सगळ्यात स्वस्त जागा आहे. तिथे वाचवलेला प्रत्येक पराभव पुढे खुल्या गटात व्याजासह वसूल होतो. चौदाव्या वर्षी जिल्ह्यात गाजलेली आणि एकोणिसाव्या वर्षी खेळातून नाहीशी झालेली मुलं मी बघितली आहेत. त्यातली काही दुखापतीने गेली, काही परिस्थितीने. पण बरीचशी अशी होती की त्यांच्या वतीने कायम दुसरं कुणीतरी विचार करत आलं होतं, आणि एका टप्प्यावर तो दुसरा माणूस मागे राहिला.

प्रशिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती करून थांबतो. पुढच्या स्पर्धेत पहिला विश्रांतीचा वेळ मिळेल, तेव्हा मुलांच्या घोळक्यात जा, पण आधी बोलू नका. कर्णधाराला बोलू द्या, मग कोपरारक्षकाला, मग ज्याची चढाई आत्ताच फसली त्याला. त्यांना काय दिसलं ते ऐका. वेळ उरला तर तुमचं सांगा, नाही उरला तर त्यांनी जे ठरवलं असेल ते त्यांना खेळू द्या.